बोला, ऐकून राहिलो

राठोडभाऊंनी उभ्या नोकरीत फोनवर कधी ‘हॅलो’ म्हटलं नाही. खांबावर चढायचे, पट्ट्याला लटकवलेला तपासणीचा काळा फोन काढायचे, तारेला चिमटे लावायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, “बोला, ऐकून राहिलो.” इकडे कळमनुरीच्या एक्स्चेंजमध्ये बोर्डापुढे मी. “अहो भाऊ, सरळ हॅलो म्हणा की,” असं मी त्यांना शंभरदा तरी म्हटलं असेल. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, “काहून? हॅलोनं काय कळते? समोरच्याला कळू द्या ना, कोनीतरी ऐकून राहिलं म्हणून.”

ते लाइनमन, मी ऑपरेटर. मी हट्ट्याची, शेतकऱ्याच्या घरातली. लग्न होऊन कळमनुरीला आले आणि नोकरीला चिकटले तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. राठोडभाऊ कोसभरावरच्या तांड्यातले. त्यांचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरलेले, वडिलांनी जमीन कसली, आणि हे थेट खांबावर चढले. उंच, काटक माणूस, कान मात्र सुपाएवढे. ऑफिसात सगळे त्यावरून चिडवायचे. “देवानं हत्यार देऊनच धाडलं मला, तुमाला जळायचं तं जळा,” म्हणून ते कान हलवून दाखवायचे. खरोखर हलायचे.

माझ्या नोकरीचा दुसराच आठवडा असेल. एक म्हातारी काउंटरला आली. तिचा मुलगा सिद्धेश्वरच्या धरणावर कामाला होता, त्याच्याशी बोलायचं होतं. मी लाइन जोडली, तर नुसती खरखर. दोनदा, तीनदा केलं आणि सांगून टाकलं, “लाइन खराब आहे आजी, उद्या या.” राठोडभाऊ मागे चहा पीत होते. कप तसाच ठेवला, सायकल काढली आणि गेले. दोन तासांनी आले ते गुडघ्यापर्यंत चिखलात. “लावा आता,” म्हणाले. म्हातारी तोवर पायरीवरच बसून होती. फोन लागला, तिने मुलाला “जेवलास का रे?” एवढंच विचारलं आणि ठेवून दिला.

ती गेल्यावर मला मात्र चांगलंच झापलं. “ताई, लाइन खराब हाय असं तोंडातून काढायचं न्हाई. आवाज कुठं जात नसते. तो वाटेत अडकून राहते. आपन जाऊन सोडवला न्हाई, असं म्हना.” मला असा राग आला! मोठा आला शहाणा, घरी जाऊन नवऱ्यापाशी बडबडले. पण तेव्हापासून कानाला खडा. ते वाक्य मी पुन्हा कोणाला ऐकवलं नाही.

या माणसाला नाद एकच, टेपचा. पान नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. नांदेडहून त्यांनी दोन माइकचा एक जड टेपरेकॉर्डर आणला होता. दोन्ही माइकचे आवाज फितीवर दोन बाजूंना वेगवेगळे उतरायचे, त्याचं त्यांना फार कौतुक. तो पाठीला बांधून ते तांड्यातांड्यांतून लग्नांना जायचे. जेवायला नाही, ढावलो टिपायला.

ज्यांनी ऐकला नाही त्यांना ढावलो कसा सांगू? बंजाऱ्यांच्या लग्नात निघायच्या वेळी नवरी एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते. आई, बाप, भाऊ, मैत्रिणी, सगळ्यांच्या. मला परकी का केली, माझं काय चुकलं, मला धाडू नका, हे सगळं त्या गाण्यात असतंच, असावंच लागतं. भोवतीच्या बाया मागून सूर धरतात. लग्नाआधी पोरीला बसवून ते शिकवतात. चांगलं रडली की वाहवा, नाही रडली तर नावं ठेवतात. राठोडभाऊंच्या तांड्यात हे शिकवायचं काम त्यांच्या बायकोचं, शेवंतावहिनींचं. वहिनींच्या गळ्याला तोड नव्हती. त्या काळी बापापुढे पोरी मान वर करून बोलत नसत. जे काय बोलायचं ते त्या एकाच दिवशी, आणि तेही गाण्यात.

भाऊ एक माइक मांडवात नवरीच्या डोक्यावर बांधायचे, दुसरा बायांच्या घोळक्यात. मग मशीनपुढे मांडी घालून सुईवर डोळा. आवाज चढला की सुई लाल रेघेत जायची, ती जाऊ द्यायची नाही म्हणून बटण सारखं मागेपुढे. प्रत्येक टेपवर नवरीचं नाव, तांड्याचं नाव, ऑफिसच्या रजिस्टरसारख्या अक्षरात. बाया हसायच्या, “भाऊ, आमच्या रडन्यात तुला काय गोडी?” ते म्हणायचे, “पोरगी सासरी गेली का तिचा आवाज घरात राहत न्हाई. हा राहते.” नवरीच्या आईला ते एक टेप करून द्यायचे. तांड्यातल्या किती घरांत ती देव्हाऱ्यापाशी ठेवलेली मी पाहिली आहे.

सोनी त्यांची थोरली. कान बापाचे, गळा आईचा. भाऊंचा डबा घेऊन एक्स्चेंजला यायची, माझ्या शेजारी बसून “आत्या, मी लावू का नंबर?” म्हणून बोर्डावरच्या जोडणीच्या दोऱ्या ओढायची. अखंड बडबड. भाऊ दारात दिसले की तोंडाला कुलूप, आणि डबा पुढे. बारावी झाली आणि पुसदकडच्या एका तांड्यातलं स्थळ आलं. मुलगा ट्रक चालवणारा, घर खाऊन-पिऊन सुखी. साखरपुडा झाला, लग्न झालं.

त्या लग्नाला मी होते. सोनी आधी घराच्या उंबऱ्यात आईच्या गळ्यात पडली, मग मांडवात माइकखाली येऊन बापाच्या. असा सूर लागला पोरीचा की बघ्यांचे डोळे भरून आले. बाया मागून गर्जत होत्या. राठोडभाऊंचा एक हात तिच्या पाठीवर फिरत होता आणि दुसरा मशीनच्या बटणावर. सुई लाल रेघेत चालली होती ना. मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं. “काय सुंदर रडली हो पोरगी!” मी शेवंतावहिनींना म्हटलं. त्या वळून घरात निघून गेल्या. दमल्या असतील, असं मला वाटलं.

तीन वर्षांनी निरोप आला तो माझ्याकडेच. तोवर बोर्ड जाऊन नवं यंत्र बसलं होतं, मी तक्रारींच्या टेबलावर होते. पलीकडून कोणीतरी पुरुष घाईघाईने बोलला, “राठोड लाइनमनला सांगा, त्यांची पोरगी विहिरीत पडली. पानी शेंदताना पाय घसरला. संपली.” आणि ठेवला. भाऊ त्या वेळी नांदेड रस्त्याला खांबावर होते. थोड्या वेळाने त्यांनीच चाचणीसाठी मला फोन लावला. “बोला ताई, ऐकून राहिलो.” मी रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानाला घेतला. “बोला ना, लाइन तं साफ हाय,” ते म्हणाले. मी म्हटलं, “भाऊ, खाली उतरा. आधी खाली उतरा.”

चौकशी झाली, कागद झाले. पाय घसरला तो घसरलाच राहिला. सोनीच्या अंगावरचे वळ वहिनींनी अंघोळ घालताना पाहिले होते, त्या ते सांगत फिरल्या. कोणी लिहून घेतलं नाही. राठोडभाऊंनी सगळ्या टेपा कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या पेटीत भरल्या आणि पेटीला कुलूप लावलं. त्यानंतर ते लग्नाला जायचेच बंद झाले.

निवृत्तीनंतर त्यांनी माझ्या घराला लागून घर बांधलं. बांधून वर्ष झालं नाही तोच वहिनींची उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, गळा तर गेलाच. मागच्या खोलीत खाटेवर पडून असायच्या. एक दिवस त्यांनी भाऊंना सांगितलं, “पेटी उघडा. मला पोरींचे आवाज ऐकू द्या. सोनीचा ऐकू द्या.” सोनी गेल्यापासून नऊ-दहा वर्षांत त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. भाऊंनी त्याच दिवशी कुलूप काढलं, आणि सोनीचा आवाज वहिनींच्या खोलीत आणायचा, हे एकच त्यांचं काम झालं.

मुलगा विनोद पुण्याला कॉम्प्युटरच्या कामात. त्याने जुना कॉम्प्युटर पाठवला, दोन उंच स्पीकर आणि ॲम्प्लिफायर पाठवला, आणि दिवाळीला येऊन एक डबी बसवून दिली. टेपा सगळ्या कॉम्प्युटरमध्ये भरायच्या. कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, स्पीकर मागच्या खोलीत वहिनींच्या खाटेच्या दोन बाजूंना. मधे तार नाही. गाणी हवेतून डबीत जाणार, डबीतून स्पीकरमध्ये. राठोडभाऊंनी ती डबी उलटीपालटी करून पाहिली. “उभा जल्म तारा वढल्या मी,” म्हणाले, “अन आता म्हनते तारच नको. मंग आमी काय झक मारली?”

हवेतूनही आवाज अडकायचाच. मधली भिंत दगडी, त्यात भिंतीला स्टीलच्या भांड्यांची मांडणी. गाणं दोन ओळी यायचं आणि तुटायचं. विनोद फोनवरून वैतागला, “बापू, तार टाका सरळ.” भाऊ कसले ऐकतात! हातात डबी घेऊन घरभर फिरले, कोपऱ्याकोपऱ्यात डोळे मिटून उभे राहिले, शेवटी मांडणी हलवून अंगणात काढली आणि कॉम्प्युटरजवळचं, गाणी हवेत सोडणारं अँटेनाचं यंत्र दारावरच्या फळीवर चढवलं. मग गाणं सलग आलं. वहिनींची भांडी महिनाभर माझ्या ओट्यावर होती.

वहिनींना वाचता येत नव्हतं. रिमोटचं बटण किती वेळा दाबलं की कोणती पोरगी येते, ते भाऊंनी त्यांना पाठ करवलं. तीनदा दाबलं की अमकीची, सातदा दाबलं की तमकीची. कुठल्या कुठल्या पोरी त्या, कोणी आजी झालेल्या, कोणी साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला गेलेल्या. डाव्या हाताने वहिनी बटण दाबायच्या आणि आख्ख्या खोलीत ती पोर आईच्या गळ्यात पडून रडायची. मला भिंतीपलीकडून ऐकून अंगावर काटा यायचा. रोज वहिनी विचारायच्या, “सोनीचं कवा?” भाऊ म्हणायचे, “साफ करून राहिलो. सगळ्यात साफ तेच करतो.”

असं करता करता एका दुपारी ते माझ्या दारात आले. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. “ताई, तुमचे कान बोर्डावर मुरलेले हायेत. जरा येऊन ऐका. मला जे वाटून राहिलं ते खरं हाय का सांगा.”

त्यांनी मला हेडफोन दिला. इतक्या वर्षांच्या शेजाराने त्यांची गोरमाटी बोली मला बऱ्यापैकी कळते. पेटीला कुलूप लावण्याआधी ती टेप त्यांनी एकाच स्पीकरवर ऐकलेली, सगळे आवाज एकात एक. आता कॉम्प्युटरवर त्यांनी बायांची बाजू बंद केली होती. डाव्या कानात एकटी सोनी. ती बापाच्या गळ्यात आहे, सूर सुंदर लागलाय. मग बायांनी मागून जोर केला असणार, कारण लांबून गलका येतो आणि त्या गलक्याखाली सोनीचा सूर सुटतो. ती बोलते, घाईघाईने, दबक्या आवाजात.

“बापू, साखरपुड्याला आला तवा त्यानं मागच्या दारी माझा हात पिरगाळला. म्हनला, घरी आल्यावर दाखवतो. मला धाडू नको. बापू, मी गाऊन न्हाई राहिले. हे खरं बोलून राहिले.”

मग बायांचा गलका उतरतो आणि ती पुन्हा सुरात रडायला लागते.

मी हेडफोन काढला. त्या मांडवात मीच तर म्हटलं होतं, काय सुंदर रडली म्हणून!

“खरं हाय ना?” भाऊंनी विचारलं. मी मान हलवली. ते जमिनीवर बसले. “माझ्या कानात बोलली ताई. या कानात. हा कान सोडून गावभरचं ऐकलं मी. अन तवा मी काय करून राहिलो होतो? सुई पाहून राहिलो होतो.”

मी निघताना ते म्हणाले, “शेवंताला हे ऐकवायचं न्हाई. ती जागीच जाईल.” त्या संध्याकाळी त्यांनी वहिनींना सांगितलं की सोनीची टेप खराब झाली, बुरशी खाऊन गेली. सांगताना मी तिथे होते. लाइन खराब आहे असं कधी कोणाला न सांगितलेला माणूस खाली मान घालून हे बोलला.

पुढच्या आठवड्यात भाऊ औषधं आणायला हिंगोलीला गेले आणि मी वहिनींपाशी बसले होते. त्यांनी रिमोट बाजूला ठेवला आणि माझं मनगट धरलं. जड जिभेने एकेक शब्द काढत बोलल्या, तरी मला एकही शब्द पुन्हा विचारावा लागला नाही.

“टेप खराब न्हाई झाली ताई. त्यायनं ऐकलं. मला ठाव हाय त्याच्यात काय हाय. पैले माझ्याच गळ्यात पडली ना ती. मला पन तेच बोलली.”

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“म्या म्हनलं, गा पोरी, गा. मानसं ऐकून राहिली.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी उशीवर गळत होतं. पुसायला उजवा हात उठत नव्हता, डाव्याने माझं मनगट सोडवत नव्हतं. “मला वाटलं भेली पोर. सगळ्याच भेतात. गाडी उभी होती, वऱ्हाड उभं होतं. मला तिचं ऐकायचं हाय ताई. एकदा नीट ऐकायचं हाय. पन त्यायला नका सांगू मला ठाव होतं म्हनून. ते मरतील.”

माझं डोकं भणभणून गेलं. भाऊ बायकोपासून लपवून राहिले, बायको नवऱ्यापासून, आणि दोघांच्या मधे मी, बोर्डावर बसल्यासारखी, दोन्हीकडचं ऐकत. चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. एकदा वाटायचं, गप्प बसावं, म्हातारी माणसं, जातील आपापलं घेऊन. मग ती पोर आठवायची, माझ्या शेजारी बसून दोऱ्या ओढणारी. तिचं एकदा कोणी ऐकलं नाही, आता मीही दोऱ्या काढून घेऊ?

पाचव्या दिवशी गेले आणि भाऊंना अंगणात गाठलं. रागानेच बोलले, कारण रागावले नसते तर रडले असते. “लाइन खराब आहे म्हणायचं नाही, हे मला कोणी शिकवलं हो? वहिनींना सगळं ठाऊक आहे. सोनीने त्यांनाही सांगितलं होतं. तुम्हाला कळलंय, हेही त्यांना कळलंय. आता काय ते बघा.”

“तिला ठाव होतं?” ते म्हणाले. “तवापासून?”

“तेव्हापासून.”

मला वाटलं, संतापतील, ओरडतील. त्यांनी ओरडावं, असं मलाच वाटत होतं. ते ओट्याला टेकले आणि आपले दोन्ही कान हातांनी झाकून बसले. मी घरी आले.

राठोडभाऊ त्याच वर्षी गेले, झोपेतच. वहिनी त्यांच्यामागे जेमतेम महिना राहिल्या. दोघांना पोचवायला मी होते, पण ते चेहरे मला आठवत नाहीत. मला आठवते ती अंगणातल्या बोलण्यानंतरच्या दुसऱ्या दिवशीची दुपार.

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या मागच्या खोलीसमोर येते. लोडशेडिंग संपून वीज नुकतीच आली होती. भाऊंनी खाटेच्या उजव्या बाजूचा स्पीकर बंद केला. मग डाव्या स्पीकरपाशी जमिनीवर बसले, खांबावर असताना मिटायचे तसे डोळे मिटले आणि कान त्या स्पीकरच्या कापडाला लावला. वहिनींनी बटण दाबलं. सोनी एकटीच त्या खोलीत गायला लागली. वहिनींचा डावा हात खाटेवरून खाली आला आणि भाऊंच्या डोक्यावर राहिला.

सूर सुटला, आणि ती बोलायला लागली.

“बोल सोने,” भाऊ म्हणाले, “ऐकून राहिलो.”

टेप संपली. वहिनींनी पुन्हा बटण दाबलं. मी खिडकी लावून घेतली.